नोडल आणि मेश पद्धत: समीकरणं कशी मांडायची, चूक कुठे होते आणि ती कशी पकडायची

सर्किट सोडवताना चुका बीजगणितात फारशा होत नाहीत. दोन-तीन एकसामयिक समीकरणं दहावीतला विद्यार्थीही सोडवतो. घोटाळा होतो तो समीकरण मांडताना: एखादं चिन्ह उलटं पडतं, एखादी शाखा राहून जाते किंवा गरज नसताना चौथं समीकरण लिहिलं जातं. म्हणून या लेखात सगळा भर मांडणीवर आणि तपासणीवर आहे. एकच सर्किट घेऊन ते दोन्ही पद्धतींनी सोडवू, मग त्यातला एकेक भाग बदलून अवघड प्रकार पाहू, आणि शेवटी ते ब्रेडबोर्डवर व सिम्युलेटरमध्ये पडताळू.

दोन्ही पद्धतींच्या मुळाशी किरखॉफचे नियम आहेत. ते त्याने १८४५ साली, क्योनिग्सबर्ग विद्यापीठात विद्यार्थी असतानाच मांडले. एखाद्या जोडावर, म्हणजे नोडवर, जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, हा केसीएल. बंद वाटेने एक फेरी मारली की व्होल्टेजची बेरीज शून्य होते, हा केव्हीएल. नोडल पद्धतीत केसीएल लिहायचा, मेश पद्धतीत केव्हीएल.

सर्किट कागदावर काढा

खाली एक आडवी तार काढा, ती आपली ग्राउंड. डावीकडे ९ व्होल्टची बॅटरी उभी ठेवा, ऋण टोक ग्राउंडला. तिच्या धन टोकापासून १ किलो-ओहमचा आर१ नोड अ पर्यंत. अ पासून ग्राउंडपर्यंत २ किलो-ओहमचा आर२. अ पासून उजवीकडे नोड ब पर्यंत २ किलो-ओहमचा आर३. ब पासून ग्राउंडपर्यंत २ किलो-ओहमचा आर४. ब पासून पुढे १ किलो-ओहमचा आर५, आणि त्याच्या पलीकडे १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल, धन टोक वर आणि ऋण टोक ग्राउंडला.

नोड अ आणि ब यांच्या व्होल्टेजलाही आपण अ आणि ब हीच अक्षरं वापरू. एकक आधीच ठरवून टाका: व्होल्ट, किलो-ओहम, मिलीअँपिअर. या त्रिकुटात १ व्होल्ट भागिले १ किलो-ओहम म्हणजे थेट १ मिलीअँपिअर, शून्यांचा पसारा नाही. मात्र एका समीकरणात २००० आणि दुसऱ्यात २ असं मिसळलंत तर उत्तर हजारपटींनी चुकेल, आणि ते दिसायला अगदी व्यवस्थित दिसेल.

आधी मोजणी

कोणती पद्धत घ्यायची हे आवडीवर सोडू नका, मोजा. या सर्किटमध्ये ग्राउंड, बॅटरीचं धन टोक, अ, ब आणि सेलचं धन टोक असे ५ नोड आहेत. शाखा ७: पाच रेझिस्टर आणि दोन सोर्स.

नोडलमध्ये समीकरणं किती? नोडची संख्या वजा १ (ग्राउंड), वजा व्होल्टेज सोर्सची संख्या. इथे ५ − १ − २ = २.

मेशमध्ये समीकरणं किती? शाखा वजा नोड अधिक १, वजा करंट सोर्सची संख्या. इथे ७ − ५ + १ − ० = ३.

म्हणजे इथे नोडल स्वस्त. व्होल्टेज सोर्स जास्त असले तर नोडलचं काम कमी होतं आणि करंट सोर्स जास्त असले तर मेशचं, हे या दोन सूत्रांतूनच दिसतं. वर्गात बरेचदा उलटं सांगितलं जातं, कारण व्होल्टेज सोर्स असला की मेशचं समीकरण लिहायला सोपं वाटतं. लिहायला सोपं असतं खरं, पण समीकरणांची संख्या कमी होत नाही.

आणखी एक अट आहे. मेश पद्धत फक्त सपाट सर्किटला चालते, म्हणजे एकाही तारेने दुसरीला ओलांडल्याशिवाय जे कागदावर काढता येतं त्यालाच. एक तार दुसरीवरून उडी मारताना दिसली तर आधी सर्किट वेगळ्या तऱ्हेने काढून पाहा, पुष्कळदा उडी निघून जाते. नाहीच निघाली तर नोडल घ्या.

नोडल पद्धत

ग्राउंड म्हणून ज्या नोडला सर्वांत जास्त शाखा जोडलेल्या आहेत तो निवडा. इथे खालच्या तारेला चार शाखा आहेत, म्हणून तीच. बॅटरीचं धन टोक ९ व्होल्टला आणि सेलचं १.५ व्होल्टला बांधलेलं आहे. तिथे केसीएल लिहायचाच नाही, कारण सोर्समधून किती करंट जातो ते आपल्याला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही.

आता चिन्हांचा एकच नियम, सगळीकडे: नोडमधून बाहेर जाणारा करंट धन. प्रत्येक शाखेसाठी (माझं व्होल्टेज − पलीकडचं व्होल्टेज) भागिले रेझिस्टन्स. करंट खरोखर कोणत्या दिशेने जात असेल याचा अंदाज बांधू नका. अंदाज बांधायला गेलात की एका नोडवर आर३ चा करंट उजवीकडे धरला जातो, दुसऱ्या नोडवर तोच डावीकडे, आणि सगळी मांडणी कोसळते.

नोड अ: (अ − ९)/१ + अ/२ + (अ − ब)/२ = ०

नोड ब: (ब − अ)/२ + ब/२ + (ब − १.५)/१ = ०

दोन्ही समीकरणांना २ ने गुणा:

४अ − ब = १८
−अ + ४ब = ३

सोडवल्यावर अ = ५ व्होल्ट, ब = २ व्होल्ट.

शाखांचे करंट आता तोंडी निघतात. आर१ मध्ये (९ − ५)/१ = ४ मिलीअँपिअर, आर२ मध्ये २.५, आर३ मध्ये (५ − २)/२ = १.५, आर४ मध्ये १. आर५ मध्ये (२ − १.५)/१ = ०.५ मिलीअँपिअर, आणि तो ब कडून सेलकडे जातो! म्हणजे सेल करंट देत नाही, घेतो आहे. सोर्स म्हटल्यावर तो ऊर्जा देणारच असं गृहीत धरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. सोर्सच्या करंटची दिशा चित्र पाहून ठरत नाही, गणितच ती सांगतं.

नुसत्या नजरेने मॅट्रिक्स

समीकरणांचं स्वरूप एकदा अंगवळणी पडलं की मधल्या पायऱ्या गाळता येतात. रेझिस्टन्सऐवजी कंडक्टन्स, म्हणजे १ भागिले रेझिस्टन्स, घ्या: १ किलो-ओहम म्हणजे १ मिलीसिमेन्स, २ किलो-ओहम म्हणजे ०.५. मुख्य कर्णावर त्या नोडला जोडलेल्या सगळ्या कंडक्टन्सची बेरीज, कर्णाबाहेर दोन नोडमधल्या कंडक्टन्सचं ऋण मूल्य, आणि उजवीकडे त्या नोडमध्ये सोर्सकडून ढकलला जाणारा करंट:

२अ − ०.५ब = ९
−०.५अ + २ब = १.५

अ ला १ + ०.५ + ०.५ = २ मिलीसिमेन्स जोडलेले आहेत, आणि ९ व्होल्टचा सोर्स १ किलो-ओहममागून आहे म्हणून उजवीकडे ९/१. निश्चयक ४ − ०.२५ = ३.७५. दहावीच्या क्रेमरच्या पद्धतीने अ = (९ × २ + ०.५ × १.५)/३.७५ = १८.७५/३.७५ = ५. ब = (२ × १.५ + ०.५ × ९)/३.७५ = ७.५/३.७५ = २.

फक्त रेझिस्टर आणि स्वतंत्र सोर्स असतील तर हे मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखंच असलं पाहिजे. तसं नसेल तर सोडवायला बसू नका, आधी चूक शोधा. कर्णावर ऋण संख्या आली किंवा कर्णाबाहेर धन आली तरीही तेच.

मेश पद्धत

तीन खिडक्या, म्हणजेच तीन मेश, आहेत: डावी (बॅटरी, आर१, आर२), मधली (आर२, आर३, आर४) आणि उजवी (आर४, आर५, सेल). तिन्हीत करंट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धरा: आय१, आय२, आय३. तिन्हींची दिशा सारखी ठेवली की सामाईक रेझिस्टरमध्ये नेहमी वजाबाकीच येते, आणि डोक्याला ताप राहत नाही.

चिन्हांचा नियम पुन्हा एकच: त्याच दिशेने फेरी मारा, रेझिस्टरवर (माझा करंट − शेजाऱ्याचा करंट) गुणिले रेझिस्टन्स लिहा, आणि सोर्सचं जे टोक आधी लागेल त्याचंच चिन्ह लिहा. बॅटरीत आपण खालून, म्हणजे ऋण टोकातून शिरतो, म्हणून −९. सेलमध्ये वरून, धन टोकातून शिरतो, म्हणून +१.५.

डावी: −९ + १ × आय१ + २(आय१ − आय२) = ०
मधली: २(आय२ − आय१) + २ × आय२ + २(आय२ − आय३) = ०
उजवी: २(आय३ − आय२) + १ × आय३ + १.५ = ०

आवरल्यावर:

३आय१ − २आय२ = ९
−२आय१ + ६आय२ − २आय३ = ०
−२आय२ + ३आय३ = −१.५

उत्तर: आय१ = ४, आय२ = १.५, आय३ = ०.५ मिलीअँपिअर. आर२ मधला करंट आय१ − आय२ = २.५, आर४ मधला आय२ − आय३ = १. नोडलशी तंतोतंत जुळतं.

कॅल्क्युलेटरचा इक्वेशन मोड वापरत असाल तर पहिल्या समीकरणात आय३ च्या आणि तिसऱ्यात आय१ च्या जागी ० भरायला विसरू नका. ते राहिलं तर पुढचे सगळे आकडे एक घर सरकतात.

खरी तपासणी आणि फसवी तपासणी

हा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. मेशने सोडवून झाल्यावर पुष्कळजण नोड अ वर केसीएल तपासतात: ४ = २.५ + १.५, जुळलं, झालं. पण ही तपासणी निरर्थक आहे. मेश करंट फिरून परत येणारे असल्यामुळे केसीएल आपोआप पाळला जातो, उत्तर साफ चुकलेलं असलं तरी!

करून पाहा. डाव्या मेशच्या समीकरणात एकच चिन्ह चुकवा, ३आय१ + २आय२ = ९ असं लिहा, बाकीची दोन तशीच ठेवा. उत्तर येतं आय१ = २.४४, आय२ = ०.८३, आय३ = ०.०६. नोड अ वर केसीएल? २.४४ = १.६१ + ०.८३. छान जुळतं, आणि उत्तर पूर्ण चुकीचं आहे.

तेव्हा मेशनंतर प्रत्येक खिडकीत केव्हीएल तपासा, आणि नोडलनंतर प्रत्येक नोडवर केसीएल. तपासताना लिहिलेल्या समीकरणात आकडे टाकू नका, कारण मांडणीच चुकली असेल तर तीच चूक पुन्हा होईल. मूळ चित्रावर प्रत्येक शाखेचं व्होल्टेज आणि करंट लिहा आणि चित्रावरूनच बेरीज करा.

याहून पक्की तपासणी म्हणजे पॉवरचा ताळेबंद. बॅटरी देते ९ × ४ = ३६ मिलीवॉट. खर्च: आर१ मध्ये १६, आर२ मध्ये १२.५, आर३ मध्ये ४.५, आर४ मध्ये २, आर५ मध्ये ०.२५, आणि सेल घेतो १.५ × ०.५ = ०.७५. बेरीज बरोबर ३६. वरच्या चुकलेल्या उत्तरात हाच ताळेबंद मांडला तर बॅटरी देते २२ मिलीवॉट आणि खर्च होतो जेमतेम १३.९. चूक लगेच उघडी पडते.

एक गंमत: तिन्ही समीकरणांत सामाईक रेझिस्टरची चिन्हं सगळीकडेच अधिक केलीत तर आय१ = ४, आय२ = −१.५, आय३ = ०.५ येतं. ते चूक नाही. नकळत तुम्ही मधल्या मेशची दिशा उलटी धरलीत एवढंच. घात होतो तो अर्धवट बदलामुळे.

सुपरनोड

आर३ काढून तिथे दोन पेन्सिल सेल एकसरीत लावा, म्हणजे ३ व्होल्टचा सोर्स, धन टोक अ कडे. आता अ आणि ब यांच्यामधला करंट ओहमच्या नियमाने लिहिता येत नाही, कारण मध्ये रेझिस्टरच नाही. इथे रेझिस्टन्स ० धरून भागायला जाणारेही असतात.

उपाय असा: अ, ब आणि मधला सोर्स यांच्याभोवती एक फुगा काढा आणि फुग्यातून बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य लिहा.

(अ − ९)/१ + अ/२ + ब/२ + (ब − १.५)/१ = ०, म्हणजे अ + ब = ७

दुसरं समीकरण सोर्सच देतो: अ − ब = ३. उत्तर पुन्हा अ = ५, ब = २. हा योगायोग नाही. आर३ वर आधीच ३ व्होल्ट होते, त्यामुळे त्याच्या जागी तेवढ्याच व्होल्टेजचा सोर्स बसवला तर बाकीच्या सर्किटला फरक कळत नाही.

फुगा काढल्यावर दुसरं समीकरण विसरणं ही इथली नेहमीची चूक. दोन अज्ञात, एक समीकरण, आणि मग पेपरात अर्धं पान खोडलेलं.

सुपरमेश

आता आर३ परत लावा आणि आर४ च्या जागी १ मिलीअँपिअरचा करंट सोर्स घ्या, बाण खाली. करंट सोर्सवर किती व्होल्टेज येईल ते सर्किट ठरवतं, त्यामुळे त्या शाखेतून केव्हीएलची फेरी मारता येत नाही. मधली आणि उजवी खिडकी एकत्र धरून बाहेरून फेरी मारा:

२(आय२ − आय१) + २ × आय२ + १ × आय३ + १.५ = ०

जोडीला बंधन: आय२ − आय३ = १. डाव्या मेशचं समीकरण जसंच्या तसं. उत्तर तेच: ४, १.५ आणि ०.५.

करंट सोर्स बाहेरच्या कडेला, म्हणजे एकाच खिडकीत असेल तर सुपरमेशची भानगडच नाही. त्या मेशचा करंट आयताच मिळतो. मात्र बाणाची दिशा पाहा. घड्याळाच्या उलट असेल तर ऋण.

अवलंबित सोर्स

ज्यांचं मूल्य सर्किटमधल्याच दुसऱ्या एखाद्या व्होल्टेजवर किंवा करंटवर ठरतं ते अवलंबित सोर्स. ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँपच्या सर्किटमध्ये हे हमखास येतात. आर४ च्या जागी असा करंट सोर्स घ्या की जो ब मधून ग्राउंडकडे ०.२ × अ मिलीअँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र सोर्ससारखंच लिहा, पण उजवीकडे आकडा म्हणून टाकू नका. तो अज्ञातावर अवलंबून आहे, म्हणून डावीकडेच राहतो:

(ब − अ)/२ + ०.२अ + (ब − १.५)/१ = ०, म्हणजे −०.३अ + १.५ब = १.५

नोड अ च्या समीकरणात ब चा सहगुणक −०.५ आणि इथे अ चा −०.३. मॅट्रिक्स आता सममित नाही, आणि ते बरोबरच आहे. वरची सममितीची चाचणी अवलंबित सोर्स असताना लावू नका. नियंत्रक राशी करंट असेल तर आधी ती नोड व्होल्टेजच्या भाषेत लिहून घ्या, मगच समीकरणात शिरा.

आदर्श ऑप-अँप असेल तर त्याच्या आउटपुट नोडवर केसीएल लिहायचा नाही. तिथून किती करंट निघतो ते आपल्याला माहीत नसतं. केसीएल इनपुटच्या नोडवर लिहा.

एसी सर्किटमध्ये मांडणी अक्षरशः हीच. फक्त रेझिस्टन्सऐवजी इम्पिडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध), आणि आकडे काल्पनिक भागासकट. पण सगळे सोर्स एकाच फ्रिक्वेन्सीचे हवेत. नसतील तर प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळं सोडवा.

ब्रेडबोर्डवर

लागेल ते असं: ९ व्होल्टची बॅटरी, एक पेन्सिल सेल व त्याचा होल्डर, पाव वॉटचे १ किलो-ओहमचे ८ रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल, सोनेरी) आणि मल्टिमीटर. २ किलो-ओहमसाठी दोन-दोन एकसरीत लावा. सर्वांत जास्त खर्च आर१ मध्ये १६ मिलीवॉट, त्यामुळे पाव वॉट पुष्कळ झाला.

जोडणी झाल्यावर, बॅटरी लावलेली असतानाच दोन्ही सोर्सचं खरं व्होल्टेज मोजा. नवी बॅटरी नेमकी ९ नसते. समजा ९.३ आणि १.५८ आलं, तर अपेक्षित अ = (२ × ९.३ + ०.५ × १.५८)/३.७५ = ५.१७ आणि ब = (०.५ × ९.३ + २ × १.५८)/३.७५ = २.०८. तुलना या आकड्यांशी करा, ५ आणि २ शी नाही. सोनेरी पट्टीचे रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतात, तेवढी तफावत सोडून द्या.

करंट मोजायला मीटर मध्ये घालायची गरज नाही. १ किलो-ओहमवर जेवढे व्होल्ट तेवढेच मिलीअँपिअर, म्हणून आर१ आणि आर५ वर व्होल्टेज मोजलं की झालं. मीटरची वायर अँपिअरच्या खोबणीत राहून गेली आणि तशीच बॅटरीवर टेकवली, तर मीटरचा फ्यूज जातो.

ब वर साधारण २.६ व्होल्ट आले आणि आर५ वर ० दिसले तर सेल सर्किटला जोडलाच न गेल्याची शक्यता पाहा. बॅटरी आणि सेल यांची ऋण टोकं एकाच तारेवर यायला हवीत. मोठ्या ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी पुष्कळदा मधोमध तुटलेली असते, आणि अर्धी ग्राउंड तिथेच हरवते. मोजून झालं की सेल काढून ठेवा. साधा सेल चार्ज करण्यासाठी नसतो, आणि इथे त्यात उलटा करंट जातो आहे.

सिम्युलेटरमध्ये

१९७० च्या दशकात बर्कलीत तयार झालेल्या स्पाइस या सिम्युलेटरपासून आजच्या एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइसपर्यंत सगळे नोडल पद्धतीचाच विस्तार वापरतात. व्होल्टेज सोर्सचा करंट त्यात आणखी एक अज्ञात म्हणून जोडला जातो. १९७५ साली हो, रूली आणि ब्रेनन यांनी ही सुधारित नोडल पद्धत मांडली. सुपरनोड ओळखण्याचं काम यंत्राला करावं लागत नाही ते यामुळेच.

आपलं सर्किट टाकून ऑपरेटिंग पॉइंट (डीसीची स्थिर व्होल्टेज आणि करंट) काढलात तर अ ५ आणि ब २ येईल, पण ९ व्होल्टच्या सोर्सचा करंट −४ मिलीअँपिअर आणि सेलचा +०.५ दिसेल. घाबरू नका. स्पाइसमध्ये सोर्सच्या धन टोकातून आत शिरणारा करंट धन धरतात, म्हणून ऊर्जा देणाऱ्या सोर्सचा करंट ऋण दिसतो.

सिंग्युलर मॅट्रिक्स अशी तक्रार आली तर तीन गोष्टी पाहा: ग्राउंडचं चिन्ह लावलंय का, एखाद्या नोडपासून ग्राउंडपर्यंत डीसीची वाट आहे का (दोन कपॅसिटरमधला नोड अधांतरी राहतो), आणि दोन व्होल्टेज सोर्स थेट समांतर जोडले गेलेत का. आणि एक मेगाओहम लिहायचा असेल तर 'मेग' असं पूर्ण लिहा. स्पाइसला लहान-मोठ्या लिपीतला फरक कळत नाही, नुसतं 'एम' लिहिलं तर तो मिली समजतो आणि तुमचा मेगाओहम मिलीओहम होऊन बसतो.